फाट्यावर येऊ नका

मस्कत
१८ ऑक्टोबर २०२५

सरिताताई,

जय भीम. सुट्टी मंजूर झाली वो! फोरमनच्या मागं किती दिवस लागलो होतो, शेवटी कंटाळून त्यानं सही ठोकली. १९ नोव्हेंबरले निघतो. २१ तारखेले आईले वर्ष होते, त्या दिवशी मी घरी असन. गेल्या साली आई गेली तवा कंपनीनं सोडलं नाई. फोनवर तुमचं रडणं ऐकत मी क्रेनच्या केबिनमध्ये बसून होतो. आता पुण्यानुमोदनाले भंतेजी वंदना घेतील तवा बाबाच्या बाजूले मी बसणार, मंग दुनिया इकडची तिकडे होवो.

आपल्या चिचटोल्यात अजून फोनची रेंज आली नाई, हे मले माहीत आहे. म्हणून मी आपला मोठं पत्रच टाइप करून पाठवतो. तू बाजाराच्या दिवशी आरमोरीले गेली की वाच आणि तिथूनच तुया पत्राचा फोटो पाठव. तुयं अक्षर पाहिलं की घरी आल्यासारखं वाटते. अंगणवाडीच्या पोट्ट्याईले शिकवता शिकवता अजून गोल झालं आहे.

काय आणू, ते सांगजो. भाऊजीले विचार. बाबाले विचारू नको, ते "काई नको" म्हणतील.

तुया,
राजदीप

आरमोरी
२४ ऑक्टोबर

राजू,

जय भीम. स्टँडवर तुयं पत्र वाचलं आणि बाईमाणसासारखी रडली नाई, मोठ्यानं हासली. बाजूची बाई सरकून बसली. घरी येऊन बाबाले सांगतलं तर म्हणते, "येऊ दे, मंग खरं." पण रात्री स्वतःच उठून तुयी खाट आंगणात काढली, बाज कसून पाहिली. एक महिना बाकी आहे अन् माणूस खाट कसून राह्यला!

भाऊजीले विचारलं. हेमराज म्हणते मोठी टॉर्च आणायले सांग, दूरवर झोत जाईल अशी, चार्जिंगची. त्याची आताची टॉर्च काजव्यावाणी झाली आहे. धानकापणी सुरू झाली आणि गावातले सगळे धानाच्या बांध्याईत असते. फॉरेस्टवाल्याईनं गावचे आठ-दहा जण निवडले, त्यात तुये भाऊजी आहेत. सकाळी लोकाईले टोळीनं शेतात नेते, संध्याकाळी डबे बडवत परत आणते. पट्टेवालं जनावर आहे आजूबाजूले. असतेच या दिवसात, तुले काय नवीन आहे? घाबरू नको.

फक्त एक ध्यानात ठेव. फाट्यावरून गावापर्यंतचा जंगलातला रस्ता पाच वाजता बंद करते. पाचच्या आत फाट्यावर उतरशील असा ये. बाबा तुले घ्यायले फाट्यावर येणार, हे त्याईनं आतापासूनच जाहीर केलं आहे.

तुयी ताई

मस्कत
२७ ऑक्टोबर

ताई,

टॉर्च घेतली. असली आहे की तिकडून झोत टाकला तर वडश्याचे लोक उठून बसतील. सोबत दोन बॅटऱ्या पण घेतल्या. मोठ्या बॅगेत कपड्याईच्या मधात गुंडाळून ठेवली, फुटू नये म्हणून.

तिकिटं झाली. मस्कतवरून पहाटे निघतो, सकाळी मुंबई. मुंबईवरून दहा-साडेदहाचं नागपूर. नागपूरले बारा वाजता उतरलो की गडचिरोली एसटी पकडतो, चारच्या सुमारास फाट्यावर हजर. पाचची बात काऊन करते? चार म्हणजे चार.

माया खोलीत बल्लारपूरचा मिथुन राहते, पेपरमिलच्या कॉलनीतला. तो मायं तिकीट पाहून डोक्याले हात लावते. म्हणे, "अबे, दोन वेगळ्या कंपन्याईचे तिकिटं काऊन काढले? पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं तुयी वाट पाहून राह्यते का?" मी म्हणलं, तीन घंटे मधात आहेत, तीन घंट्यात माणूस चिमूर जाऊन येते. एजंट म्हणाला बॅग डायरेक्ट नागपूरले निघते, मधात हात लावायचं काम नाई. मिथुन म्हणे तसं नसते. त्याले सगळ्यात खोट दिसते, त्याचा स्वभावच तसा आहे.

बाबाले फाट्यावर येऊ देऊ नको. मी काय लहान आहो का? हॉस्टेलवरून यायचो तवा आई यायची, पाण्याची कॅन घेऊन पुलाच्या कठड्यावर बसलेली असायची. ते तिचं होतं. बाबाले आता यायची काई गरज नाई.

राजदीप

आरमोरी
७ नोव्हेंबर

राजू,

मागच्या बाजाराले आली नाई. कारण लिवायचं नाई असं बाबानं सांगतलं होतं, पण मायाच्यानं राहवत नाई. बायनाबाई गेली. आपल्या पाठीमागच्या घरची, तुले बोरं देणारी. दुपारी बांधीतून धानाचा भारा घेऊन निघाली, सोबत चार बाया होत्या. ती दोन पावलं मागं राहिली, एवढंच. पुढच्या बाईनं वळून पाहिलं तर भारा रस्त्यावर आणि बाई नाई. तुये भाऊजी आणि टोळी आत गेली. जे आणलं ते दुपट्ट्यात बांधून आणलं. त्या दिवसापासून हेमराज अर्ध्या ताटावरून उठते.

पहिल्या पत्रात मी "घाबरू नको" लिवलं, तवा बी दिवाळीच्या आधी शेजारच्या टोल्यावरचा एक गुराखी गेला होता. तुले सांगतलं नाई. तिकडे लोखंडाच्या उंच डब्यात बसून तू काय करणार होता? नुसता झुरला असता.

पिंजरे लावले आहेत. कॅमेरे लावले आहेत. जनावर त्या सगळ्याले वळसा घालून फाट्याच्या रस्त्याले फिरून राह्यलं. काल पुलाजवळ पंजे दिसले.

आणि आपले बाबा! मी हात जोडले, म्हणलं बाबा, राजूले हेमराज गाडीनं घेऊन येईल, तुम्ही घरीच बसा. तर म्हणते, "केसर असती तर गेली असती का नाई?" आईचं नाव घेतल्यावर त्याईले कोण अडवणार? सत्तरी पार केलेला माणूस, एका डोळ्यानं धुरकट दिसते, कानानं कमी. पण हट्ट असा की बैल परवडला.

तू चार म्हणतो. चारलेच ये माया बापा. त्या मिथुनचं ऐक. मले विमानातलं काई समजत नाई, पण बल्लारपूरचे लोक उगाच भेव दाखवत नाई.

ताई

मस्कत
१० नोव्हेंबर

ताई,

बायनाबाईचं वाचून रात्रभर डोळा लागला नाई. बोरं द्यायची आणि वरून शिव्या द्यायची, "खाय रे मुडद्या" म्हणून.

खरं सांगतो. तुले लिवलं तेवढा वेळ मधात नाई. पहिल्या विमानाची वेळ बदलली, आता ते साडेसातले उतरते, दोन घंटे चाळीस मिनिटंच मिळते. तारीख बदलायले गेलो तर २१ च्या आत दुसरं काईच नाई. मिथुननं काल मले समोर बसवलं आणि कागदावर मुंबईचा नकाशा काढला. पासपोर्टची लाइन, मंग पट्टा, मंग कस्टम, मंग बाहेर, मंग दुसऱ्या टर्मिनलची बस. मी मान हलवली. पण एजंटले पुन्हा विचारलं, तो शपथ घेऊन म्हणते बॅग सरळ जाते. बॅग उचलायची नसली तर होऊन जाते.

बाबाले माया नावानं सांग. म्हण, राजदीपनं पायावर डोकं ठेवून सांगतलं आहे, फाट्यावर येऊ नका. चार वाजता उतरून मी तिथल्या पानठेल्यावर बसतो. भाऊजीनं टोळी घेऊन यावं.

राजदीप

आरमोरी
१४ नोव्हेंबर

राजू,

सांगतलं. बाबा ऐकून हासले. म्हणे, "पायावर डोकं ठेवायचं तर फाट्यावर उतरून ठेव म्हणा." पानठेला बंद झाला, त्या पोरानं सामान उचलून आरमोरीत लावलं. तिथी आता पूल आणि झाडं, बाकी काई नाई.

शेवटी असं ठरवलं. बुधवारी दुपारी टोळी बाबाले फाट्यावर सोडेल, तू चारच्या गाडीनं उतरला की तुमा दोघाईले घेऊन परत येईल. मले हे पटत नाई, पण हेमराज म्हणे म्हाताऱ्याले बांधून थोडीच ठेवता येते. म्हणे मी स्वतः थांबतो जवळ. तेवढ्यानं माया जीव थोडा भांड्यात पडला.

आता एक गोष्ट नीट वाच. यापुढचा बाजार २१ ले, तुया येण्यानंतर. म्हणजे आजपासून तू जे पाठवशील ते मले दिसणार नाई. तुले उशीर झाला तर मले कळणार नाई, बाबाले कळणार नाई, कोणालेच कळणार नाई. म्हणून उशीर करू नको.

बाजेवर नवी चादर टाकली आहे. दिव्यानी रोज विचारते, मामा कवा येते.

ताई

मुंबई विमानतळ
१९ नोव्हेंबर

ताई,

तू हे वाचू शकत नाईस हे माहीत असून लिवून राह्यलो. काय करू, काईतरी केलं पायजे.

विमान वेळेवर आलं वो! मले वाटलं गंगेत घोडं न्हालं. पासपोर्टच्या लाइनीत आखातातून आलेले आम्ही पाचशे जण असू. एकाच वेळी चार विमानं रिकामी झाली होती. तिथी पाऊण घंटा गेला. एका सायबाले म्हणलं, पुढचं विमान आहे, तो म्हणे सगळ्याईचंच आहे. मंग ठप्पा बसला आणि मी पट्ट्याकडे पाहिलं बी नाई, ताठ मानेनं हिरव्या दरवाज्यातून बाहेर. एजंट म्हणाला होता ना, बॅग डायरेक्ट!

दुसऱ्या टर्मिनलच्या बसच्या लाइनीत एका पोराले बॅगेची चिठ्ठी दाखवली. तो म्हणे, "काका, इस पे सिर्फ मुंबई लिखा है. बैग अंदर बेल्ट पे घूम रही होगी."  मले पहिले मिथुनच आठवला. तो पोरगा म्हणे, बाहेरच्या देशातून येणाऱ्याची बॅग पहिल्या विमानतळावर उचलाच लागते, कस्टमसाठी, मंग तिकीट एक असो का दोन.

परत आत जाऊ देत नाई, ताई. एकदा बाहेर पडला की पडला. बंदूकवाला जवान हात आडवा करते. कंपनीच्या खिडकीवर गेलो, तिथी कोणी नाई. आलं कोणी तर म्हणे पास बनवा लागते. पास बनला तर म्हणे सोबत आमचा माणूस पायजे. माणूस आला तवा पट्टा थांबला होता आणि मायी बॅग एका कोपऱ्यात एकटी उभी होती. तिथी एकदा मनात आलं, सोड बॅग, पळ. पण त्यात टॉर्च होती. गावात जनावर फिरून राह्यलं आणि भाऊजी काजव्यावाणी टॉर्च घेऊन लोकाईले आणते, हे डोक्यात. घेतली.

बसनं दुसऱ्या टर्मिनलले. काउंटर बंद व्हायले पाच मिनिटं. पोरीनं हासून बॅग घेतली. मले वाटलं जमलं. तर मायं नाव स्पीकरवर! बॅग मशीनमध्ये अडकली. बॅटरीवाल्या वस्तू मोठ्या बॅगेत चालत नाई, हातातल्या बॅगेत ठेवा लागते. मी कपडे उपसून टॉर्च काढली, बॅटऱ्या काढल्या, सह्या केल्या. मस्कतले चाललं, मंग इथी काऊन नाई, असं भांडलो बी. भांडायले नको होतं. गेटवर पोचलो तवा दार बंद. काचेतून विमान दिसत होतं, तिथीच उभं. अर्धा घंटा उभं राहिलं ते विमान, पण दार उघडलं नाई.

दुसरं विमान रात्रीचं मिळालं. म्हणजे नागपूरले मध्यरात्री, फाट्यावर उद्या. पण बाबा तिथी आज बसणार.

तुले वीस वेळा फोन लावला. "संपर्क क्षेत्राच्या बाहेर". गावातल्या सगळ्याईचे लावले. मंग डोकं चाललं आणि आरमोरी स्टँडचा नंबर शोधला. कोणी उचलेना. दुपारी एका भल्या माणसानं उचलला, भैयाजी म्हणून आहेत. त्याईले सगळं सांगतलं, आवाज फुटला माया. ते म्हणाले, "रडू नको गा. गडचिरोलीवरून येणाऱ्या संध्याकाळच्या गाडीच्या कंडक्टरले सांगतो. फाट्यावर म्हातारा दिसला तर उचलून गाडीत घालतो आणि इथी आणतो." हे लिवता लिवताच त्याईचा फोन येऊन गेला. बाबा भेटले! पुलावर एकटेच बसून होते, कंडक्टरनं गाडीत बसवलं, स्टँडवर आणलं, चहा पाजला. मी बोललो बाबासोबत. म्हणे, "कुठी राहिला रे?"

ताई, मी इथी खुर्चीवर बसून ढसाढसा रडलो, लोक पाहत होते, पाहू दे. बाबा सुखरूप आहेत. आता कसलीच चिंता नाई. तू तेवढी घरी घाबरली असशील, पण उद्या भेटल्यावर सांगतो आणि आपण खूप हासू.

राजदीप

उपजिल्हा रुग्णालय, आरमोरी
२० नोव्हेंबर, सकाळ

राजू,

तुयं पत्र आताच पाहिलं. इथी रेंज आहे. तू बसमध्ये असशील, म्हणून लिवते. तोंडानं सांगता येणार नाई मले.

काल टोळीनं बाबाले फाट्यावर सोडलं. हेमराज सोबत थांबला होता. चारची गाडी आली, तू उतरला नाई. साडेचारले बांध्याईतून आरडाओरड झाली, दसरूच्या शेताकडे जनावर दिसलं. तिथी पंधरा बाया कापणी करून राह्यल्या होत्या. टोळी तिकडे पळाली. बाबानंच त्याले हाकललं, "जा, लेकुरवाळ्या आहेत तिकडे, मी पुलावर बसतो, गाड्या येते-जाते." बायाईले घरी पोचवेपर्यंत अंधार पडला. हेमराज आंगणात आला आणि मी पहिलं काय विचारलं? "बाबा कुठी आहेत?" पाणी बी विचारलं नाई. म्हणलं, "त्याईले घेऊनच घरात या." मी म्हणलं, राजू. मायाच तोंडानं.

टोळीतले बाकी घरोघरी गेले होते. तो त्याईले बोलवायले बी थांबला नाई, एकटा गाडी घेऊन निघाला.

बाबा तोवर एसटीत बसून आरमोरीले पोचले होते. पण तू कोणत्या दुसऱ्या गाडीनं उतरला तर तुले कळावं, म्हणून त्याईनं खूण ठेवली. जंगलात पुढं गेलेला माणूस मागच्यासाठी वाटेवर डाहाळी टाकते ना, टोक जिकडे तिकडे माणूस. कंडक्टर घाई करून राह्यला होता, डाहाळी तोडायले वेळ नव्हता, म्हणून त्याईनं आपला दुपट्टा पुलाच्या कठड्याले बांधला, आरमोरीच्या बाजूनं. ट्रकच्या वाऱ्यानं सुटला असेल. तो जंगलाच्या बाजूले झुडपात पडला.

हेमराजले पुलावर बाबा दिसले नाई. झुडपात बाबाचा दुपट्टा दिसला. बायनाबाईले ज्यानं गोळा करून आणलं, तो माणूस काय समजला असेल, तूच सांग. त्यानं मोटरसायकल पुलावरच उभी केली, हेडलाइट झाडाईकडे करून सुरू ठेवला आणि आत गेला. मागून टोळी पोचली तवा लाइट जळत होता. सकाळी आणलं त्याले. दुपट्टा त्याच्या मुठीत होता, डॉक्टरले सोडवता आला नाई.

तू स्वतःले दोष देशील, मले माहीत आहे. देऊ नको. तू फोन केला म्हणून बाबा वाचले. मी पाठवलं म्हणून हेमराज गेला. विमानाचं काई मले समजत नाई आणि समजून घ्यायचं बी नाई. मले फक्त एवढं वाटते की कोणीतरी ते दार उघडायले पायजे होतं, विमान उभंच होतं ना.

दिव्यानीले अजून सांगतलं नाई. ती शेजारच्या बायाईसोबत घरीच आहे, बाजेवरची चादर कोणाले बसून चुरगळू देत नाई म्हणे, मामासाठी आहे.

बाबा इथीच आहेत, व्हरांड्यात. त्याईले सगळं सांगतलं, दोनदा सांगतलं. ऐकून घेते आणि थोड्या वेळानं उठते. म्हणते, राजदीपची गाडी यायची वेळ झाली, हेमराज फाट्यावर एकटा असेल, मी जातो. मी हात धरून बसवते. आतापर्यंत चार वेळा दारापर्यंत गेले. पुन्हा उठले तर मी कोणाले पाठवू त्याईच्या मागं?

म्हणून तू फाट्यावर उतरू नको. सरळ आरमोरीले ये, आधी त्याईच्या समोर उभा राह्य. उजेड असतानाच ये. आणि गाडी कुठी बी अडली, पाच मिनिटं बी उशीर होणार असेल, तर मले फोन कर. आता मी रेंजमध्येच बसून आहो.

सरिता